क्रोमियम आर्सेनाइडवर एक गिगापास्कल

क्रोमियम आर्सेनाइडचा चांगला स्फटिक नेहमीच्या हवेच्या दाबाखाली थंड करत नेला, की २६५ केल्विनच्या आसपास त्याचा रोध एकदम खाली येतो. क्रोमियमच्या अणूंचे चुंबकीय आघूर्ण त्या क्षणी मळसूत्री रचनेत बसतात आणि सोबत स्फटिकाची घडणही बदलते: ब-अक्ष ३ टक्क्यांहून जास्त ताणला जातो, बाकीचे दोन अक्ष किंचित आखडतात, एकूण आकारमान २ टक्क्यांच्या आसपास वाढते. हाच स्फटिक ०.७ ते ०.८ गिगापास्कलखाली ठेवला, तर ही चुंबकीय अवस्था पार नाहीशी होते आणि सुमारे २.२ केल्विनखाली रोध शून्यावर येतो. चुंबकत्व असलेल्या क्रोमियमच्या संयुगात अतिसंवाहकता, म्हणजे रोध पार शून्य होणे, मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. २०१४ साली बीजिंगच्या भौतिकी संस्थेतील आणि जपानच्या कोबे विद्यापीठातील गटांनी ती स्वतंत्रपणे दाखवली.

एक गिगापास्कल म्हणजे दहा हजार वातावरणे. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण उच्चदाबाच्या कामात हा खालचा मजला आहे. मँगनीज फॉस्फाइडमध्ये हीच गोष्ट पाहायची तर ८ गिगापास्कलपर्यंत जावे लागते आणि तिथे सहा बाजूंनी दाबणारे क्युबिक अँव्हिल यंत्र लागते. क्रोमियम आर्सेनाइड मात्र हातात मावणाऱ्या पिस्टन-सिलिंडर सेलमध्ये, म्हणजे पिस्टनने आतला द्रव दाबणाऱ्या जाड नळकांड्यात, पुरे होते. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्याला आम्ही हाच पदार्थ सुचवतो. दाब माफक लागतो आणि चुकायला मात्र भरपूर जागा आहे.

दाबाने चुंबकत्व का मरते, हे आधी थोडक्यात. क्रोमियम, मँगनीज, लोह यांच्या ३डी नावाच्या इलेक्ट्रॉन-कक्षा शेजारच्या अणूंच्या कक्षांत मिसळून ऊर्जेचा पट्टा तयार करतात. अणू जवळ आले की मिसळण वाढते, पट्टा रुंदावतो आणि फर्मी पातळीवरची, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अवस्थांच्या वरच्या सीमेवरची, अवस्थांची घनता सहसा कमी होते. इलेक्ट्रॉनांनी आपली फिरकी एका दिशेला वळवून घेण्यात जो ऊर्जेचा फायदा होता, तो या घनतेवर अवलंबून असतो. घनता घटली की तो फायदा परवडेनासा होतो. मँगनीज सिलिसाइडमध्ये २९ केल्विनची चुंबकीय अवस्था १.४६ गिगापास्कलला शून्यावर येते, त्याचे साधे कारण हेच. सेरियम-यटर्बियमच्या ४एफ कक्षांचा हिशोब वेगळा आहे. तिथे दाब सेरियमचे चुंबकत्व मारतो, तर यटर्बियमचे बहुधा जागे करतो. क्रोमियम आर्सेनाइडमध्ये आर्सेनिकच्या जागी थोडा फॉस्फरस घालूनही अंतरे आखडतात आणि चुंबकत्व मरते, पण त्यासोबत जालकात गोंधळ शिरतो. दाबाने अंतर बदलते आणि रसायन तेच राहते. एवढ्यासाठी पुढची सगळी कटकट सोसायची.

स्फटिक

स्फटिक वितळलेल्या कथिलात वाढवतात. क्रोमियम, आर्सेनिक आणि बरेच जास्त कथील निर्वात क्वार्ट्झ नळीत सीलबंद करून तापवायचे, मग तासाला काही अंश इतक्या सावकाश थंड करायचे आणि कथील वितळलेले असतानाच नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ते उडवायचे. आर्सेनिक ६१४ अंश सेल्सिअसला थेट वायू होते. त्यामुळे ६०० च्या आसपास भट्टी काही तास थांबवली नाही, तर आर्सेनिक क्रोमियमशी जोडले जाण्याआधीच बाष्पदाब चढतो आणि नळी फुटते. आर्सेनिकची वाफ भट्टीच्या खोलीत पसरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

हाती येतात त्या सुया. दीड-दोन मिलिमीटर लांब आणि दशांश मिलिमीटर जाड अशी सुई या कामाला उत्तम. पृष्ठभागावर कथिलाचे थेंब चिकटलेले असतात आणि त्यांतूनच पहिला मोठा घोटाळा होतो. कथील स्वतः ३.७२ केल्विनला अतिसंवाहक होते. सुईवर त्याचा अखंड थर असेल तर तिथे रोध घसरतो आणि दोन दिवस सगळे खुशीत असतात. ही घसरण दाबाबरोबर गिगापास्कलमागे साधारण ०.४८ केल्विनने खाली सरकताना दिसली, तर ते कथीलच. थर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात काढता येतो, पण आर्सेनिक, आम्ल आणि विरघळणारा धातू एकत्र आले की आर्साइन वायू निघू शकतो. हे काम फ्यूम हूडमध्येच करावे. जाड थेंब आधी ब्लेडने काढून घेतले तर आम्लाचे काम मिनिटांत उरकते.

स्फटिकाचा दर्जा खोलीच्या तापमानाचा रोध आणि ४ केल्विनचा रोध यांच्या गुणोत्तरावरून कळतो. शंभराच्या वर गेले तर स्फटिक ठेवण्यासारखा. पण ज्या सुईवर दाबाचा प्रयोग करायचा ती सुई हवेच्या दाबाखाली कधीच थंड करू नये. २६५ केल्विनचा तो धक्का स्फटिकाला चिरा पाडतो आणि रोधाच्या आलेखात वरच्या दिशेने अचानक उड्या दिसू लागतात. गुणोत्तर त्याच घाणातल्या दुसऱ्या सुईवर मोजावे.

सेल आणि तारा

सेलचे बाहेरचे अंग बेरिलियम कॉपरचे, आतला नळा निकेल-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. नुसत्या बेरिलियम कॉपरवर दीड गिगापास्कलच्या पुढे जाऊ नये. आतला नळा या मिश्रधातूचा असला की अडीचपर्यंत जाता येते. बेरिलियम कॉपर मऊ असतानाच लेथवर घडवून घ्यायचे, मग ३१५ ते ३२० अंशांवर दोन-तीन तास ठेवून कडक करायचे. ते कधीही कोरडे घासू नये, कारण बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली की कायमची बाधते. आतला नळा किंचित निमुळता असतो आणि प्रेसवर बाहेरच्या अंगात घट्ट ठोकून बसवतात. भोक ५ मिलिमीटरचे. शेवटचा हात रीमरचा आणि होनिंगचा. इथली एक खोल चरी पुढे द्रव आणि स्फटिक धरणाऱ्या टेफ्लॉनच्या कपाला वाट करून देते.

पिस्टन टंगस्टन कार्बाइडचे. दाबाला प्रचंड टणक, पण बाजूने जोर आला की काचेसारखे तडकतात, म्हणून प्रेस आणि सेलचा अक्ष जुळवण्यात वेळ घालवावा. कार्बाइडमध्ये कोबाल्ट असते आणि ते चुंबकीय असते. रोध मोजताना त्याने काही बिघडत नाही. स्क्विड या अतिसंवेदनशील चुंबकमापकात चुंबकन मोजायचे असेल तर मात्र झिर्कोनियाचे पिस्टन घ्यावे लागतात, नाहीतर पिस्टनचाच संकेत मोजत बसाल.

तारा आत नेणारा प्लग हा सेलचा सर्वांत नाजूक भाग. मधल्या छिद्रातून इनॅमलच्या बारा ते सोळा तांब्याच्या तारा जोडी-जोडीने पिळून न्यायच्या आणि स्टायकास्ट २८५० या इपॉक्सीने छिद्र भरायचे. ती कडक करणारे कॅटॅलिस्ट ९ वापरत असाल तर १०० भागांना वजनाने ३.५ भाग. काट्यावर मोजून घ्यावे, अंदाजाने नको. मिश्रण निर्वातात ठेवून बुडबुडे काढायचे, कारण आत राहिलेला बुडबुडा पहिल्याच दाबाला चिरडतो आणि तार कापतो. छिद्र दाबाच्या बाजूला रुंद आणि बाहेर अरुंद ठेवले की दाब इपॉक्सीला आणखी घट्ट बसवतो. उलटे केले तर तो तिला बाहेर ढकलतो. चोवीस तास सुकू द्यावे. मग प्रत्येक तारेचे अखंडत्व आणि प्लगच्या धातूशी तिचा संपर्क होत नाही ना, दोन्ही तपासावे. इनॅमल सोलले गेलेली एखादी तार बहुतेक वेळा छिद्राच्या कडेवरच सापडते.

स्फटिकाला चार संपर्क: २५ मायक्रॉनची सोन्याची तार आणि चांदीची इपॉक्सी. साधा सिल्व्हर पेंट जोडायला सोपा, पण दाबाच्या द्रवात तो कधी कधी सुटतो आणि सुटतो तो नेमका दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला. संपर्काचा रोध एक-दोन ओहमच्या आत असावा. सुई कशालाही चिकटवू नये. ती तारांवरच लोंबकळू द्यावी, म्हणजे द्रव गोठला तरी तिच्यावर एकाच बाजूने ताण येत नाही.

सुईशेजारी थंडीतला दाबमापक म्हणून शिशाची पातळ पट्टी, तीही चार तारांची; तिचे अतिसंवाहक होण्याचे तापमान दाबाबरोबर उतरते. शिवाय मँगॅनिन या मिश्रधातूच्या तारेचे छोटे वेटोळे. मँगॅनिनचा रोध गिगापास्कलमागे सुमारे २.३ टक्के वाढतो. खोलीच्या तापमानाला, प्रेसवर असतानाच दाब किती चढला हे कळायला ते पुरते. आधी दोन-तीनदा दाब देऊन सोडून मुरवलेले वेटोळे घ्यावे, ताजे असेल तर शून्य सरकत राहते.

द्रव भरणे आणि दाब देणे

द्रव म्हणून आम्ही डॅफ्ने ७३७३ हे तेल वापरतो. खोलीच्या तापमानाला ते सुमारे २.२ गिगापास्कलपर्यंत द्रवच राहते, तेव्हा एक-दीड गिगापास्कलच्या कामात दाब चढवताना ते घट्ट होण्याची भीती नसते. फ्ल्युओरिनर्टची मिश्रणे स्वस्त आणि निरुपद्रवी, पण ती एक गिगापास्कलच्या आसपासच गोठतात आणि मग दाब सगळीकडून सारखा राहत नाही. नेमक्या आपल्याला हव्या त्या टप्प्यात ते नको. पेंटेन आणि आयसोपेंटेनचे समभाग मिश्रण बरेच पुढपर्यंत द्रव राहते. पण आयसोपेंटेन २८ अंशांना उकळते. मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात कप भरून झाकण लावेपर्यंत त्यातला बराच भाग उडालेला असतो. वापरायचेच असेल तर सेल, कप, बाटली सगळे आधी फ्रिजमध्ये ठेवून, कोरड्या हवेत भरावे.

टेफ्लॉनचा कप ५ मिलिमीटर बाहेरून, ४ आतून, लांबी १५. काठोकाठ भरून प्लग तिरका घालावा, म्हणजे हवा एका बाजूने निघते. हवेचा बुडबुडा राहिला तर पिस्टनचा प्रवास त्याला चिरडण्यातच खर्ची पडतो. कपाच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या किंवा बेरिलियम कॉपरच्या बारीक कड्या बसतात. टेफ्लॉनने पिस्टनच्या फटीतून बाहेर पडू नये एवढेच त्यांचे काम. कडी विसरली तर टेफ्लॉन कागदासारखे बाहेर येते.

जोराचा हिशोब सोपा आहे. ५ मिलिमीटर भोकाचे क्षेत्रफळ १९.६ चौरस मिलिमीटर, त्यामुळे एका गिगापास्कलला साधारण दोन टन. वर घर्षणासाठी १० ते १५ टक्के. ०.२ टनाच्या पायऱ्यांनी चढावे, प्रत्येक पायरीवर पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पिस्टनचा प्रवास डायल गेजवर नोंदवत जावे. जोर आणि प्रवास यांचा आलेख जागेवरच काढत राहिले की गळती लगेच दिसते: जोर तोच असतो आणि पिस्टन आत सरकत राहतो. टेफ्लॉन स्वतः अर्ध्या गिगापास्कलच्या किंचित वर आपली रचना बदलते. तिथे आलेखाला छोटा बाक येतो, त्याला गळती समजून सेल उघडू नये.

हवा तो दाब आला की जोर कायम ठेवून वरचा लॉकनट आवळायचा आणि मगच प्रेस सोडायची. सोडताना थोडा दाब जातोच. मँगॅनिनचे वाचन प्रेस सोडल्यावर पुन्हा घ्यावे, आधीचे धरू नये.

सुरक्षिततेचे दोन नियम इथे वाटाघाटीचे नाहीत. प्रेसला जाड पॉलिकार्बोनेटचा आडोसा हवा आणि सेलच्या अक्षाच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. २ गिगापास्कलला एवढ्याशा कपात साठ ज्यूलच्या घरात ऊर्जा साठते. पिस्टन काही ग्रॅमचा, तो सुटला तर गोळीच. दुसरे म्हणजे दाबाखालचा लॉकनट प्रेसवर तेवढाच जोर पुन्हा दिल्याशिवाय सैल करायचा नाही.

थंड करताना

दाब किती, या प्रश्नाला ‘कुठल्या तापमानाला’ हे जोडल्याशिवाय अर्थ नाही. थंड होताना तेल आकसते, गोठते आणि दाब उतरतो. डॅफ्ने ७३७३ मध्ये खोलीपासून ४ केल्विनपर्यंत साधारण ०.१५ ते ०.२ गिगापास्कल जातो. जवळजवळ सगळी घट १०० केल्विनच्या वरच होते, त्याखाली दाब स्थिर राहतो. मँगनीज सिलिसाइडची २९ केल्विनची चुंबकीय अवस्था मोजताना शिशाचा आकडा सरळ चालतो. क्रोमियम आर्सेनाइडचे संक्रमण मात्र सुरुवातीला दोनशे केल्विनच्या वर असते. तिथला खरा दाब मँगॅनिनच्या आणि शिशाच्या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. अवस्थाचित्र, म्हणजे दाब आणि तापमानानुसार कुठली अवस्था कुठे याचा आलेख, काढताना वरच्या बिंदूंना शिशाचा दाब चिकटवला तर सीमारेषा ०.१ ते ०.२ गिगापास्कलने डावीकडे सरकते. जिथे सगळा खेळ ०.७ आणि ०.८ मधला आहे तिथे ही चूक क्षुल्लक नाही. दोन गटांचे आकडे जुळत नसले की आम्ही आधी हेच तपासतो.

सेलचे वजन पाव किलोच्या आसपास. मिनिटाला एक केल्विनपेक्षा वेगाने थंड केले तर स्फटिक थर्मामीटरच्या मागे राहतो. थर्मामीटर सेलच्या अंगालाच घट्ट बसवावा, क्रायोस्टॅटच्या, म्हणजे थंड करणाऱ्या पात्राच्या, भिंतीला नव्हे. थंड करताना आणि तापवताना संक्रमण वेगवेगळ्या तापमानाला दिसते. अशा एकदम उडी मारणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या संक्रमणात ते दिसायलाच हवे, पण त्यातले खरे किती आणि सेलच्या जडपणामुळे किती हे वेग निम्मा केला की कळते. जडपणाचा भाग वेगाबरोबर कमी होतो, खरा तसाच राहतो.

मोजणीला लॉक-इन, म्हणजे ठरावीक वारंवारतेचाच संकेत उचलणारा प्रवर्धक, वारंवारता १७ हर्ट्झसारखी, म्हणजे घरगुती विजेच्या ५० हर्ट्झपासून आणि तिच्या पटींपासून दूर. प्रवाह एक मिलिॲम्पिअर. चांगल्या सुईचा ४ केल्विनचा रोध एखादा मिलिओहम भरतो, म्हणजे संकेत मायक्रोव्होल्टचा. प्रवाह दुप्पट करून तेच संक्रमण तिथेच दिसते का, हे एकदा पाहावे. खाली सरकले तर सुई तापते आहे.

आता शिशाची गोष्ट. शिसे ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते आणि गिगापास्कलमागे हे तापमान सुमारे ०.३६५ केल्विनने उतरते. उतरणीची रुंदीही बोलते. ०.१ गिगापास्कलचा दाबफरक असेल तर ती ३६ मिलिकेल्विनने पसरते. पण शिसे चुंबकक्षेत्रालाही तितकेच हळवे आहे. संक्रमणाजवळ २२ मिलिटेस्लाला एक केल्विन या दराने ते खाली येते. अतिसंवाहक चुंबक वापरून झाल्यावर त्यात दोन मिलिटेस्ला अडकून राहणे नेहमीचे. तेवढ्याने शिसे ९० मिलिकेल्विन खाली येते आणि तुम्ही दाब पाव गिगापास्कल जास्त लिहिता. शून्य क्षेत्र म्हणून पडद्यावर शून्य दिसते यावर विसंबू नये. क्षेत्र दोन्ही बाजूंना कमी-कमी होत जाणाऱ्या आवर्तनांनी शून्यावर आणावे आणि शक्य असेल तर शिशाचे वाचन चुंबक वापरण्याआधीच घ्यावे.

काय दिसते

०.३ गिगापास्कलच्या पुढे रोधाची ती पायरी २६५ केल्विनवरून बरीच खाली आलेली असते आणि थंड-तापवण्यातला फरक रुंदावत जातो. खाली दोन केल्विनजवळ रोध घसरू लागतो, कधी शून्यालाही पोचतो. इथे घाई नको. रोध शून्य व्हायला अतिसंवाहक भागाची एक अखंड वाट पुरते, बाकी सगळा स्फटिक चुंबकीय असला तरी चालते. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या म्युऑन प्रयोगांनी (म्युऑन हे कण स्फटिकात सोडून आतले चुंबकत्व पाहणाऱ्या) दाखवले की साधारण ०.३५ ते ०.७ गिगापास्कलमध्ये स्फटिकाचे काही भाग चुंबकीय आणि काही अतिसंवाहक असे शेजारी-शेजारी नांदतात. किती भाग हे रोध सांगू शकत नाही. त्यासाठी कपातच छोटे वेटोळे बसवून प्रत्यावर्ती ससेप्टिबिलिटी, म्हणजे बदलत्या चुंबकक्षेत्राला स्फटिक किती प्रतिसाद देतो ते, मोजावी लागते आणि शिशाचा तेवढ्याच आकाराचा तुकडा त्याच वेटोळ्यात मोजून तुलना करावी लागते.

०.८ ओलांडल्यावर पायरी दिसतच नाही. एक गिगापास्कलजवळ संक्रमण २.२ केल्विनला, सर्वांत धारदार. त्यापुढे दाब वाढवत गेले की ते हळूहळू उतरते. म्हणून आम्ही सुरुवात कमी दाबाने करत नाही. नवी सुई थेट एक गिगापास्कलच्या वर नेतो आणि पहिल्यांदा थंड करतो. ती त्या फुटणाऱ्या संक्रमणातून जातच नाही, आणि अतिसंवाहक बाजूची मोजणी निरोगी स्फटिकावर होते. कमी दाबाची मोजणी दुसऱ्या सुईवर, चिरा पडणार हे धरून. दाब उतरवत मोजण्याचा मोह टाळावा, कारण घर्षणामुळे उतरताना पिस्टनवरचा जोर आणि आतला दाब यांचा ताळमेळ राहत नाही.

शेवटी सेल खोलीच्या तापमानाला येऊन पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबावे, पावसाळ्यात तर त्यावर दव धरतेच. प्रेसवर जोर देऊन नट सैल करायचा, दाब पायऱ्यांनी शून्यावर आणायचा, मँगॅनिन मूळ आकड्याला परतले का ते पाहायचे. भोकाचा व्यास मध्यावर आणि टोकांना बोअर गेजने मोजून वहीत लिहावा. मध्य काही मायक्रॉनने फुगणे ठीक, शतांश मिलिमीटरांत गेला तर त्या नळ्यावर पुढच्या वेळी कमी दाब द्यावा. मग कप दाबून बाहेर काढायचा आणि सुईचे चारही संपर्क सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे.